पासवर्डची शिस्त : नव्या सॉफ्टवेअर डेव्हलपरसाठी पायरी-पायरीने

१२ जुलै २०१८ रोजी एनपीएमवर, म्हणजे जावास्क्रिप्टची तयार पॅकेजं ठेवणाऱ्या सार्वजनिक भांडारावर, ईएसलिंट-स्कोप या पॅकेजची ३.७.२ ही आवृत्ती आली. ती इन्स्टॉल करणाऱ्यांच्या संगणकावरची एनपीएमची टोकनं (पासवर्डाऐवजी चालणारे गुप्त संकेत) गुपचूप बाहेर जाऊ लागली. पॅकेज सांभाळणाऱ्यांपैकी एकाने दुसऱ्या साइटवरचाच पासवर्ड एनपीएमवरही ठेवला होता, आणि टू-फॅक्टर (पासवर्डाशिवाय दुसरा पुरावा मागणं) सुरू केलं नव्हतं. दुसरीकडे फुटलेला पासवर्ड इथे चालला. काही तासांत घोटाळा लक्षात आला, तरी एनपीएमला तोवर दिलेली सगळ्यांचीच टोकनं रद्द करावी लागली.

डेव्हलपरच्या पासवर्डामागे नेहमी इतरांची दारं असतात. म्हणून स्वतःची खाती सांभाळणं आणि वापरकर्त्यांचे पासवर्ड सांभाळणं या दोन गोष्टी इथे एकत्र घेतल्या आहेत. पहिल्या भागाला एक शनिवार-रविवार पुरतो. दुसऱ्याला तुमच्या प्रकल्पाच्या आकारावर वेळ लागेल.

स्वतःच्या खात्यांपासून सुरुवात

पासवर्ड मॅनेजर निवडा आणि त्याचा मास्टर पासवर्ड आधी कागदावर तयार करा. बिटवॉर्डन आणि कीपास-एक्ससी हे दोन्ही मोफत आहेत आणि त्यांचा कोड खुला आहे. पहिला फोन आणि लॅपटॉप आपोआप जुळवून घेतो. दुसऱ्यात सगळं एका फाइलमध्ये राहतं, तिची नक्कल ठेवण्याची जबाबदारी तुमची.

मास्टर पासवर्ड डोक्याने सुचवू नका, फासे टाका. १९९५ साली आर्नॉल्ड राइनहोल्ड यांनी मांडलेल्या डाइसवेअर पद्धतीत ७,७७६ शब्दांची यादी असते. पाच वेळा फासा टाकला की एक शब्द ठरतो. सहा शब्दांसाठी ३० वेळा टाकायचा. त्यातून होणाऱ्या शक्यता २२ वर २२ शून्यं इतक्या भरतात. मराठी शब्द हवे असतील तर ओसरी, मुसळ, पतंग, चिमटा असे १,२९६ साधे शब्द स्वतः लिहून काढा, प्रत्येक शब्दाला चार वेळा फासा टाका आणि सहाऐवजी आठ शब्द घ्या. यादी लहान असल्याने शब्द वाढवावे लागतात. फाशाने दिलेला शब्द आवडला नाही म्हणून बदलू नका. तिथेच सगळी ताकद जाते. अभंगाचा चरण, पाठ्यपुस्तकातली कविता, शिवाजी@१६३०, मुलीचं नाव आणि जन्मसाल हे सगळं सुचायला सोपं असतं, आणि जे एकाला सुचतं ते अंदाज बांधणाऱ्यालाही सुचतं.

शब्द मराठी असले तरी मास्टर पासवर्ड रोमन लिपीत टाइप करा. लॅपटॉप सुरू होताना डिस्कचं कुलूप उघडण्याचा जो पडदा येतो, तिथे देवनागरी कीबोर्ड बहुतेकदा नसतो, आणि हे कळतं ते नेमकं घाईच्या वेळी. पहिले आठ दिवस पासवर्ड दिवसातून दोनदा हाताने टाइप करा. बोटांना सवय झाली की कागद घरातल्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवा. फाडू नका. घरफोडी करून कागद शोधणाऱ्यापेक्षा स्वतः पासवर्ड विसरण्याचा धोका कितीतरी मोठा आहे.

आता खाती बदलायला घ्या, पण क्रमाने. आधी ईमेल, कारण बाकी प्रत्येक खात्याचं ‘पासवर्ड विसरलात?’ तिथेच येतं. मग गिटहब किंवा गिटलॅब (कोड ठेवायच्या साइट), मग डोमेन विकत घेतलेली कंपनी, मग क्लाउड, मग एनपीएम किंवा पायपीआय (पायथनच्या पॅकेजांचं भांडार). डोमेनचं खातं नवखे लोक हमखास विसरतात. ते ज्याच्या हाती गेलं तो तुमची ईमेल स्वतःकडे वळवू शकतो, आणि मग वरचं सगळं फुकट. प्रत्येक ठिकाणी मॅनेजरने बनवलेला २० अक्षरांचा पासवर्ड ठेवा. बाकीची शंभर-दीडशे खाती एका बैठकीत उरकायचा हट्ट नको. त्या त्या साइटवर जाल तेव्हा बदला.

दुसरा घटक

एसएमएसवरचा ओटीपी काहीच नसण्यापेक्षा बरा, पण डेव्हलपरच्या मुख्य खात्यांना पुरेसा नाही. मोबाइल कंपनीला फसवून तुमच्या नंबरचं दुसरं सिम काढता येतं. शिवाय परदेशी शिकायला किंवा नोकरीला गेलेल्यांचं भारतातलं सिम रिचार्जअभावी बंद पडतं, आणि काही महिन्यांनी तोच नंबर दुसऱ्या कुणाला मिळतो.

ऑथेंटिकेटर ॲपमधला दर ३० सेकंदांनी बदलणारा सहा आकडी कोड याहून चांगला. त्याचीही एक मर्यादा सप्टेंबर २०२५ मध्ये सगळ्यांना दिसली. एनपीएमवरच्या चॉक, डीबग अशा पॅकेजांच्या एका देखभालकर्त्याला ‘तुमचं टू-फॅक्टर जुनं झालं आहे, नव्याने करा’ अशी ईमेल आली. दुवा एनपीएमच्या नावाशी मिळत्याजुळत्या खोट्या डोमेनचा होता. तिथे टाकलेला पासवर्ड आणि सहा आकडी कोड त्याच क्षणी खऱ्या साइटवर वापरला गेला. दर आठवड्याला अब्जावधी वेळा डाउनलोड होणारी १८ पॅकेजं त्यातून बिघडवली गेली. कोड बरोबर असला तरी तो कुठल्या पानावर टाकला जातोय हे कोडला कळत नाही.

पासकीला (फोन किंवा लॅपटॉपमध्ये राहणाऱ्या, पासवर्डाऐवजीच्या डिजिटल किल्लीला) आणि यूएसबी सुरक्षा-चावीला ते कळतं. त्यांची सही डोमेनच्या नावाशी बांधलेली असते, खोट्या डोमेनवर ती उमटतच नाही. म्हणून ईमेल, कोड आणि क्लाउड या तीन खात्यांना पासकी किंवा चावी लावा. चावी घेणार असाल तर दोन घ्या आणि दोन्ही एकाच दिवशी नोंदवा. एक खिशात, एक घरी. एकच चावी घेऊन ती हरवली की माणूस स्वतःच्याच खात्याबाहेर उभा राहतो. साइटने दिलेले रिकव्हरी कोड छापून मास्टर पासवर्डाच्या कागदाशेजारी ठेवा. त्यांचा फोटो फोनमध्ये ठेवू नका.

मॅनेजरच्या बाबतीत एक खूण मनात पक्की करा. नेहमीच्या साइटवर तो पासवर्ड आपणहून भरत नसेल, तर हाताने चिकटवण्याआधी थांबा आणि पत्ता अक्षर-अक्षर वाचा. घाईत केलेलं कॉपी-पेस्ट हेच मासेमारी (फिशिंग) करणाऱ्यांचं जाळं.

रेपोमधल्या चाव्या

उबरच्या एका अभियंत्याने क्लाउडची चावी (सेवेत शिरण्याचा गुप्त मजकूर) गिटहबवर उघड टाकली आणि २०१४ मध्ये माहिती फुटली. २०१६ मध्ये हल्लेखोर खासगी रेपोपर्यंत (कोडच्या साठ्यापर्यंत) पोचले, त्यासाठी त्यांना अभियंत्यांचे इतरत्र आधीच फुटलेले पासवर्ड उपयोगी पडले. आत पुन्हा साध्या मजकुरात चावी होती. ५ कोटी ७० लाख प्रवासी आणि चालकांची माहिती गेली. ‘आमचा रेपो प्रायव्हेट आहे’ हे उत्तर त्या दिवसापासून कुणी देऊ नये.

नवा प्रकल्प सुरू करताना पहिल्या कमिटच्या (बदल नोंदवण्याच्या) आधी गिटइग्नोर या वगळायच्या फाइलींच्या यादीत एन्व्ह फाइलचं, म्हणजे गुप्त चाव्या असलेल्या फाइलचं, नाव लिहा. क्रम इथे महत्त्वाचा आहे. फाइल एकदा कमिट झाली की नंतर गिटइग्नोरमध्ये नाव घालून काही होत नाही, गिट तिचे बदल टिपतच राहतं. सोबत्यांसाठी फक्त नावं असलेली, पुढची मूल्यं रिकामी ठेवलेली नमुना फाइल कमिट करा. मग गिटलीक्ससारखं चाव्या शोधणारं साधन प्री-कमिट हुकमध्ये (कमिटच्या आधी आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये) लावा, म्हणजे चावीसारखं काही दिसलं की कमिट अडतं.

तरीही चावी गेलीच, तर बहुतेक जण पहिली चूक इथे करतात: ओळ खोडून नवं कमिट टाकतात आणि निश्चिंत होतात. जुनं कमिट इतिहासात तसंच असतं. सार्वजनिक रेपो चाळणारे बॉट चोवीस तास फिरत असतात, मिनिटांत चावी उचलतात. आधी चावी रद्द करा, सेवा पाच मिनिटं बंद पडली तरी चालेल. मग नवी चावी काढून सर्व्हरवर ठेवा. मग क्लाउडच्या नोंदी पाहा: ती चावी फुटल्यापासून रद्द होईपर्यंत कुणी, कुठून, कशासाठी वापरली? ओळखीचे नसलेले सर्व्हर सुरू झालेत का, नवा वापरकर्ता तयार झालाय का? इतिहास साफ करणं सगळ्यात शेवटी, आणि ते नाही केलं तरी रद्द झालेल्या चावीने काही बिघडत नाही.

टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर डेटाबेसचा पासवर्ड टाकण्याची पद्धत लहान कंपन्यांत सर्रास दिसते. नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या फोनमध्ये तो तसाच राहतो. मॅनेजरमधली सामायिक तिजोरी वापरा, आणि कुणी टीम सोडली की त्याने पाहिलेला प्रत्येक सामायिक पासवर्ड त्याच आठवड्यात बदला. यात अविश्वासाचा प्रश्न नाही. त्याचा जुना लॅपटॉप कुणाच्या हाती जाईल हे त्यालाही सांगता येत नाही.

वापरकर्त्यांचे पासवर्ड साठवताना

इथे तीन जुनी प्रकरणं माहीत असलेली बरी, कारण तिन्ही चुका आजही नव्या कोडमध्ये सापडतात. २००९ मध्ये रॉकयू या कंपनीचे ३ कोटी २० लाख पासवर्ड गेले, ते साध्या मजकुरात ठेवलेले होते. २०१२ मध्ये लिंक्डइनचे गेले, ते शा-१ या पद्धतीने हॅश केलेले, म्हणजे परत वाचता न येणाऱ्या अक्षरांत बदललेले होते, पण सॉल्टशिवाय, म्हणजे प्रत्येकाच्या पासवर्डात वेगळा यादृच्छिक मजकूर न मिसळता. एकच पासवर्ड असलेल्या सगळ्यांचा हॅश एकच, एक फोडला की सगळे फुटले. २०१३ मध्ये अडोबीचे गेले. त्यांनी हॅश न करता सगळे पासवर्ड एकाच किल्लीने एन्क्रिप्ट केले होते आणि शेजारी वापरकर्त्यांनी लिहिलेल्या सूचक खुणा उघड्या ठेवल्या होत्या. किल्ली न सापडताही लोकांनी शब्दकोडं सोडवावं तसे पासवर्ड ओळखले.

नियम त्यातूनच निघतो. पासवर्ड परत वाचता येईल अशा कुठल्याही रूपात ठेवायचा नाही, प्रत्येकाला वेगळं यादृच्छिक सॉल्ट हवं आणि हॅश मुद्दाम संथ हवा. सॉल्टची कल्पना नवी नाही, रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी युनिक्ससाठी ती १९७९ मध्येच लिहून ठेवली आहे.

संथ का, ते आकड्यांत पाहा. कीबोर्डवरच्या ९५ चिन्हांतून आठ अक्षरांचे साधारण ६६ कोटी कोटी पासवर्ड होतात. एक चांगलं ग्राफिक्स कार्ड एमडी५ या जुन्या, वेगवान पद्धतीचे सेकंदाला शंभर अब्जांहून जास्त हॅश काढतं; म्हणजे सगळे पासवर्ड तपासून व्हायला एक दिवसही लागत नाही. बीक्रिप्ट ही मुद्दाम संथ पद्धत १२ या पातळीवर ठेवली तर तेच कार्ड सेकंदाला दीड हजाराच्या आसपास येतं, आणि काम लाखाहून अधिक वर्षांवर जातं. अर्थात साईराम@१२३ हा पासवर्ड पहिल्या काही हजार अंदाजांतच येईल, त्याला कुठलाही हॅश वाचवत नाही. त्याची सोय पुढे.

नव्या प्रकल्पात आर्गॉन२-आयडी ही हॅश पद्धत घ्या. पासवर्ड हॅशिंगच्या खुल्या स्पर्धेत आर्गॉन२ला २०१५ मध्ये पहिला क्रमांक मिळाला. ओवॅस्प या वेब सुरक्षेच्या संस्थेची किमान शिफारस १९ मेबीबाइट मेमरी, २ फेऱ्या आणि १ समांतर धागा अशी आहे. मेमरीचा हिशेब आधी करा: एकाच वेळी ५० जण लॉगिन करत असतील तर नुसत्या हॅशसाठी ९५० मेबीबाइट लागतील, आणि १ जीबीचा स्वस्त सर्व्हर तिथेच आडवा होईल. एकावेळी किती हॅश चालतील यावर रांग लावा. किमान मर्यादेखाली न जाता, तुमच्याच सर्व्हरवर एक हॅश पाव सेकंदाच्या आसपास येईपर्यंत आकडे वाढवत न्या. स्वतःच्या लॅपटॉपवर मोजलेला वेळ सर्व्हरवर लागू पडत नाही.

बीक्रिप्टही चालतं, १९९९ पासून टिकून आहे. पातळी १० च्या खाली नको. त्याची एक अडचण मात्र मराठी माणसाने नीट समजून घ्यायला हवी: ते पहिले ७२ बाइटच वाचतं. रोमन अक्षर एक बाइट घेतं, तर यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक वर्ण, मात्रा आणि हलन्त तीन-तीन बाइट घेतात. म्हणजे २४ चिन्हांत मर्यादा संपली. मराठीतलं मध्यम लांबीचं एक वाक्य, आणि पुढचं सगळं बऱ्याच लायब्ररी मुकाट्याने टाकून देतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये ऑक्टा या लॉगिन सेवा देणाऱ्या कंपनीत हीच मर्यादा नडली. त्यांच्या एका कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) वापरकर्त्याचा क्रमांक, नाव आणि पासवर्ड जोडून बीक्रिप्टला दिले जात होते. नाव ५२ अक्षरांचं किंवा मोठं असलं की ७२ बाइट आधीच भरायचे आणि काही परिस्थितीत पासवर्ड न तपासताच दार उघडायचं. लायब्ररी निवडताना ७३ बाइटचा पासवर्ड देऊन पाहा. शेवटचं अक्षर बदलूनही लॉगिन होत असेल तर लांबीची तपासणी तुम्हाला लिहावी लागेल.

देवनागरी पासवर्डात आणखी एक खाच आहे. ‘कोऱ्या’ हा शब्द एका कीबोर्डवरून ‘ऱ, हलन्त, य’ असा जातो, दुसऱ्यावरून ‘र, हलन्त, अदृश्य जोडचिन्ह, य’ असा. डोळ्यांना दोन्ही सारखे, बाइट वेगळे. हॅश करण्याआधी मजकूर युनिकोडच्या एनएफसी या ठरावीक रूपात आणा; त्याने ‘ऱ’ आणि ‘र अधिक नुक्ता’ यांतला फरक मिटतो. अदृश्य जोडचिन्हाचा फरक मात्र त्याने मिटत नाही. त्यासाठी ‘पासवर्ड दाखवा’ हे बटणही कामाचं नाही, कारण दिसतं सारखंच. फोन बदलल्यावर लॉगिन होत नाही अशी तक्रार आली तर आधी इथे बघा.

जुन्या प्रकल्पात एमडी५ सापडलं तर लोक पुन्हा लॉगिन करतील याची वाट पाहू नका. आज रात्रीच प्रत्येक जुना हॅश, सोळा-आधारी अक्षरांच्या रूपात, बीक्रिप्टमधून काढून ठेवा आणि जुना स्तंभ पुसा. पुढे जो लॉगिन करेल त्याचा मूळ पासवर्ड त्या क्षणी हातात असतो, तेव्हा थेट नव्या पद्धतीने हॅश करा. जुना स्तंभ पुसणं विसरू नका. २०१५ मध्ये ॲशली मॅडिसन या डेटिंग साइटने बीक्रिप्ट १२ पातळीवर वापरलं होतं, पण लॉगिन टोकन बनवणाऱ्या दुसऱ्या कोडमध्ये त्याच पासवर्डांचा एमडी५ राहिला होता. मुख्य दाराला हात न लावता एक कोटीहून अधिक पासवर्ड त्या वाटेने फुटले.

नोंदणीचा फॉर्म

‘एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह, दर ९० दिवसांनी बदल’ हे काढून टाका. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शनात हे नियम सोडून दिले. २००३ चा मूळ दस्तऐवज लिहिणाऱ्या बिल बर यांनीही त्याबद्दल पश्चात्ताप बोलून दाखवला. सक्ती केली की माणसं पहिलं अक्षर मोठं करतात, शेवटी @१२३ लावतात आणि तीन महिन्यांनी १२४ करतात. त्याऐवजी लांबी मागा. निस्टच्या २०२५ च्या आवृत्तीत पासवर्ड एकटाच असेल तर किमान १५ अक्षरं, दुसरा घटकही असेल तर किमान ८ असं आहे. वरची मर्यादा ६४ पेक्षा कमी ठेवू नका, आणि पेस्ट करणं बंद करू नका. ते बंद केलं की मॅनेजर वापरणाऱ्यालाच शिक्षा होते.

साईराम@१२३ अडवण्यासाठी फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी तुलना करा. ट्रॉय हंट यांची ‘हॅव आय बीन पोन्ड’ ही सेवा त्यासाठी मोफत आहे. तुमचा सर्व्हर पासवर्डाचा शा-१ काढतो, त्यातली फक्त पहिली पाच अक्षरं पाठवतो, त्या पाचांनी सुरू होणाऱ्या सगळ्या हॅशची यादी परत येते आणि जुळणी तुमच्याकडेच होते. पासवर्ड बाहेर जात नाही.

चुकीच्या प्रयत्नांवर मर्यादा घालताना फक्त आयपी पत्ता मोजू नका. आपल्याकडे मोबाइल कंपन्या असंख्य ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात. एका खोडसाळामुळे अख्खा तालुका अडेल. खातं आणि पत्ता दोन्ही धरून वेग कमी करत जा. खातं कायमचं बंद करू नका, नाहीतर कुणीही दहा चुकीचे पासवर्ड टाकून दुसऱ्याला बाहेर ठेवू शकेल.

‘पासवर्ड विसरलात?’ साठी ३२ यादृच्छिक बाइटचं टोकन पुरे. अर्धा तास चालेल, एकदाच चालेल, आणि डेटाबेसमध्ये त्याचा हॅशच राहील. ईमेल नोंदलेली असो वा नसो, पडद्यावरचं उत्तर सारखंच द्या. दुव्यातलं डोमेन विनंतीच्या होस्ट हेडरमधून (विनंतीसोबत आलेल्या साइटच्या नावातून) उचलू नका, कॉन्फिगमध्ये पक्कं लिहा; हेडर समोरचा माणूस हवं ते लिहून पाठवू शकतो आणि टोकन त्याच्या साइटवर पोचतं. पासवर्ड बदलल्यावर बाकी सगळी सत्रं बंद करा.

शेवटी, लॉग तपासा

मे २०१८ मध्ये ट्विटरने आपल्या ३३ कोटींहून अधिक वापरकर्त्यांना पासवर्ड बदलायला सांगितलं. त्यांचं बीक्रिप्ट व्यवस्थित होतं, पण हॅश होण्याआधीच पासवर्ड एका अंतर्गत लॉगमध्ये लिहिले जात होते. २०१९ मध्ये फेसबुकमध्येही कोट्यवधी पासवर्ड अंतर्गत साठ्यांत साध्या मजकुरात सापडले आणि त्यासाठी २०२४ मध्ये आयर्लंडच्या नियामकाने ९ कोटी १० लाख युरोंचा दंड केला. चांगला डेव्हलपर इथेच ओळखू येतो, असं आमचं मत आहे. हॅशची ओळ कुणीही लायब्ररी बघून लिहितो. पासवर्ड त्या ओळीपर्यंत कुठून कुठून जातो हे शोधायला चिकाटी लागते.

चाचणीच्या सर्व्हरवर एक खातं काढा आणि पासवर्ड म्हणून जगात दुसरीकडे कुठेच नसेल असं अक्षरांचं कडबोळं द्या. नोंदणी करा. बरोबर लॉगिन, चुकीचं लॉगिन, पासवर्ड बदल, रीसेट, सगळं करा. चुकून पासवर्ड ईमेलच्या रकान्यात टाकून पाहा, लोक हे रोज करतात. मुद्दाम सर्व्हरवर एरर येईल अशी विनंतीही पाठवा. मग ते कडबोळं सगळीकडे शोधा: वेब सर्व्हरचे लॉग, ॲपचे लॉग, एरर नोंदवणारी सेवा, डेटाबेसचा संथ क्वेरींचा लॉग, रांगेतले संदेश, बॅकअप. एरर सेवेत सापडण्याची शक्यता सर्वात जास्त, कारण ती बिघाडाच्या वेळी अख्खी विनंती उचलून ठेवते. चाचणी दर मोठ्या बदलानंतर पुन्हा करा. स्वयंचलित केली तर उत्तम.

खऱ्या सर्व्हरवर काही सापडलं तर आधी लिहिणारी ओळ बंद करा, मग त्या लॉगपर्यंत कोण-कोण पोचू शकत होतं याची यादी करा, मग लॉग आणि त्यांचे बॅकअप पुसा आणि त्या काळात लॉगिन केलेल्यांना नवा पासवर्ड ठेवायला लावा. बाहेरच्या कुणी ते पाहिल्याची खूण दिसली तर भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावं लागतं, आणि १८० दिवसांचे लॉग राखून ठेवणंही त्यातच बंधनकारक आहे. म्हणून पुसण्याआधी कुणी, केव्हा, कुठून पाहिलं या नोंदी वेगळ्या काढा, त्यांतले पासवर्ड झाका, आणि सहा तासांत फोन कुणी करायचा त्याचं नाव आजच लिहून ठेवा.